साथीला बसणाऱ्या गिटारवाल्याचे गुरू

फोंड्याला गिटार शिकणाऱ्या एका मुलाने विचारले आहे: तुमच्या वाजवण्यावर सगळ्यात जास्त छाप कोणत्या गिटारवादकांची पडली? आणि मी कुणापासून ऐकायला सुरुवात करू?

आवडते गिटारवादक विचारले असतेस तर उत्तर दोन ओळींत झाले असते. पाको दे लुसिया, हेंड्रिक्स, जॉन मॅक्लॉफ्लिन. गिटार हातात घेतलेल्या निम्म्या लोकांची यादी हीच असते. पण तू छाप विचारलीस, आणि तिथे ही मंडळी पार मागे पडतात. मॅक्लॉफ्लिन यांनी ‘शक्ती’ या आपल्या बँडसाठी खास गिटार बनवून घेतली होती. तार दाबून मींड काढता यावी म्हणून दोन फ्रेटमधले (म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधले) लाकूड खोलगट कोरलेले, आणि मुख्य तारांखालून तिरप्या जाणाऱ्या तरफेच्या, न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा. १९७५ च्या सुमारास झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर त्यांनी जे वाजवले ते ऐकून मी आजही थक्क होतो. पण माझे वाजवणे कुणी डोळे मिटून ऐकले तर त्यात मॅक्लॉफ्लिन औषधालाही सापडायचे नाहीत. ऐकून खूश होणे वेगळे, बोटांत उतरणे वेगळे.

कारण मी साथीचा माणूस. मडगाव-कोलव्याकडची हॉटेले, लग्नांचे बँड, फोंडा महालातल्या देवळांत होणारे नाट्यगीत-भावगीतांचे कार्यक्रम, चर्चच्या फेस्ताच्या रात्री एखाद्या गायिकेची साथ, असेच वाजवत आलो. एकट्याने मैफल करायची पाळी क्वचितच आली. त्यामुळे माझे गुरू बहुतेक असे लोक, ज्यांची नावे रेकॉर्डच्या कव्हरवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली असतात.

पहिला मान फ्रेडी ग्रीनचा. काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात हा माणूस १९३७ साली बसला तो, मधला थोडा काळ सोडला तर, १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच. एवढ्या वर्षांत त्याचे सोलो जवळपास नाहीतच. गिटार साधी, ॲम्प्लिफायर नाही, तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच ठेवलेल्या की तुझ्या-माझ्यासारख्याची बोटे सोलून निघतील. मापाच्या चारही ठोक्यांवर एकेक फटका, बस. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या गदारोळात ती गिटार वेगळी अशी ऐकूच येत नाही. हाय-हॅट (ड्रमरची पायाने वाजणारी झांज) आणि डबल बास यांच्यात ती मिसळून जाते. पण ड्रमरचा हात जरा पुढे पळू लागला की त्याला धरून कोण ठेवते, ते कान देऊन ऐकले की कळते.

ग्रीनने मला स्वर गाळायला शिकवले. सहा तारांचा भरगच्च कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरांचा जुडगा) तो वाजवतच नसे. बोटे तीन तारांवर, आणि पुष्कळदा त्यातली चौथी तार तेवढी खरी बोलते, बाकीच्या नुसत्या सावलीसारख्या. हे हातात बसवायचे तर असे कर. ए मायनर सेव्हनसाठी सहावी (सगळ्यात जाड), चौथी आणि तिसरी तार, तिन्ही पाचव्या फ्रेटवर. उरलेल्या तारा बोटांच्या पोटाने मुक्या कर. तिथून डी सेव्हन: पाचवी तार पाचव्या फ्रेटवर, चौथी तार चौथ्यावर, तिसरी आहे तिथेच. मग जी मेजर सेव्हन: सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, चौथी आहे तिथेच, तिसरी एक फ्रेट खाली, चौथ्यावर. आता खर्जाकडे लक्ष न देता आतल्या दोनच तारा ऐक. पहिल्या बदलात चौथी तार अर्ध्या स्वराने उतरली आणि तिसरी थांबली. दुसऱ्या बदलात चौथी थांबली आणि तिसरी उतरली. गाण्याची हार्मनी कुठे चालली आहे ते ऐकणाऱ्याला कळायला एवढी हालचाल पुरते. बाकी सगळी भरताड.

हा धडा मला जॅझपेक्षा नाट्यगीतात जास्त उपयोगी पडला. (जॅझवाले हसतील, नाट्यसंगीतवाले रागावतील. दोघांनाही नमस्कार.) दीनानाथांची आणि अभिषेकीबुवांची पदे जिथे घरोघरी तोंडपाठ आहेत, तिथे गिटारवाल्याकडे लोक आधीच संशयाने बघतात. आणि त्यांचा संशय अगदी बिनबुडाचा नाही. तंबोऱ्यावर गळा तयार झालेल्या गायकाचा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर लागतो (गिटारवरचा एक फ्रेट म्हणजे शंभर सेंट). गिटारचा फ्रेट तो ४०० सेंटवर देतो. फरक १४ सेंटचा, कागदावर किरकोळ. पण गायक गंधारावर न्यास करून उभा राहिला आणि नेमका त्याच वेळी तू सहा तारांचा मेजर कॉर्ड खणकन वाजवलास, तर दोन गंधार एकमेकांवर घासतात आणि गायकाच्या कपाळाला आठी पडते. पेटीलाही हाच आजार आहे, पण पेटीची कानाला सवय होऊन गेली आहे. गिटारवाल्याला ती सवलत नाही. तेव्हा तिथे गंधार गाळायचा. षड्ज-पंचम ठेवायचे, फार तर खर्जातला एक स्वर हलवायचा, आणि गंधाराची जागा गायकाला मोकळी सोडायची. फ्रेडी ग्रीनने यमन कधी ऐकला असेल असे वाटत नाही, पण कुठे गप्प बसायचे ते मी त्याच्याकडून उचलले.

माझा उजवा हात मात्र जुआंव जिल्बेर्तोचा आहे. म्हणजे तसा असावा ही इच्छा. ब्राझीलमधल्या बाहियाचा हा माणूस. १९५८ मध्ये त्याची पहिली गाजलेली रेकॉर्ड आली, १९५९ मध्ये पहिली एलपी, आणि जग ज्याला बोसा नोव्हा म्हणते ते तिथून सुरू झाले असे धरतात. त्याआधी तो बराच काळ बहिणीच्या घरी राहून न्हाणीघरात बसून तासन्‌तास वाजवत असे, कारण तिथे आवाज चांगला घुमे. त्याने तिथे जे शोधले ते ऐकायला सोपे आणि करायला महाकठीण आहे. आंगठा खर्जाच्या तारेवर दोन मात्रांचा ठोका धरून बसतो, सांबातल्या मोठ्या ढोलासारखा, शांत आणि न हलणारा. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका तिन्ही मिळून वरच्या तारा एकदम उचलतात, पण ठोक्यावर नाही, ठोक्याच्या आसपास. पुढचा कॉर्ड कित्येकदा सम यायच्या आधीच येऊन बसलेला असतो. आणि या दोघांना सोडून त्याचा गळा तिसऱ्याच वाटेने चालतो. ओळ मागे रेंगाळते, मग भरभर येऊन गिटारला गाठते.

फोंड्याच्या बाजूला वाढलेल्या माणसाला हे अगदीच परके वाटत नाही. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोष्टी आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेल्या: एका हाताने एक ताल, दुसऱ्याने दुसरा, पायाने तिसरा, आणि तोंडाने आणखी काही. चवथीच्या आरत्यांना शमेळाच्या, म्हणजे आमच्या ढोलाच्या, काठ्या आणि घुमटाचा हात एकमेकांत कसे गुंततात तेही कानात होते. घुमटवाला एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताने मडक्याचे मागचे तोंड झाकत-उघडत आवाज वळवतो. दोन्ही हातांची कामे वेगळी, डोके एकच. जिल्बेर्तो ऐकला तेव्हा हेच एका माणसाच्या एका हातात आलेले दिसले. मग मी आंगठ्याकडून एकच काम करून घेतले, दुसरे काही नाही. सहावी तार, एक ठोका, दुसरा ठोका, आणि तोंडाने येईल ते गाणे. आंगठा गाण्याच्या मागे ओढला जाईनासा झाल्यावरच बाकीची बोटे तारांवर आणली.

यात गोव्याच्या पावसाळ्याचाही हात आहे. जूनच्या हवेत स्टीलच्या तारा बघता बघता काळ्या पडतात आणि बोटांना गंजाचा वास येतो. नायलॉनच्या तीन तारांना ही कटकट नाही. नायलॉनची गिटार आधी पावसाळ्यापुरती घेतली, ती पुढे बाराही महिने हातात राहिली, आणि नायलॉन आले म्हणजे पिक (तार छेडायची चकती) सुटून बोटे आलीच.

तिसरे गुरू बिननावाचे. लोटली, राय, कुडतरी या सासष्टीच्या गावांत मांडोला, म्हणजे गोव्याच्या जुन्या कोंकणी प्रेमगीतांना, साथ करणारे जुने गिटारवाले. यांतले बरेचजण चर्चच्या शाळेत सोल्फेज (दो-रे-मी) घोकून तयार झालेले. नोटेशन समोर ठेवा, वाचून दाखवतील. मांडो सहा मात्रांचा आणि संथ. दोन गळे बहुधा तिसऱ्या स्वराच्या अंतराने जोडीने चालतात, बरोबर व्हायोलिन आणि घुमट. शेवटी दुलपद आले की तीच माणसे लय वाढवून सगळ्यांना नाचवतात. मांडोतला खरा कस ओळीच्या शेवटी लागतो. गायिका तिथे स्वर लांबवते, किती लांबवेल ते तिलाही आधी ठाऊक नसते, आणि मेट्रोनोमवर वाढलेला गिटारवाला तिथे तोंडघशी पडतो. हे म्हातारे काय करतात ते मी अगदी जवळ बसून पाहिले आहे. पुढच्या खर्जाच्या तारेवर आंगठा नुसता टेकवून ठेवतात, सोडत नाहीत. नजर गायिकेच्या तोंडाकडे नाही, खांद्यांकडे. श्वास घेताना खांदे वर जातात, आणि ते खाली यायला लागले की आंगठा सुटतो. खर्ज आणि शब्द एकाच क्षणी पडतात.

हे फ्रेडी ग्रीनच्या अगदी उलट आहे, आणि दोन्ही बरोबर आहे. ऑर्केस्ट्रा असेल तर काळ तू धरायचा, एकटी गायिका असेल तर काळ तिचा. कुठल्या ठिकाणी कोणता कायदा चालतो हे न कळणारे चांगले चांगले वादक मी पाहिले आहेत.

मांडोवरून फादोवर, म्हणजे पोर्तुगालच्या विरहगीतांवर, यायला फार चालावे लागत नाही, पण आमच्या घरात ते अंतर मोठे होते. पोर्तुगीज गाणे लावले की वडीलधारी माणसे उठून जात, आणि त्यांना कारणे होती. गोवा मुक्त झाल्यावरही स्वातंत्र्यसैनिक मोहन रानड्यांना १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात डांबून ठेवणारी ती राजवट. त्याच राजवटीचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या पोलिसांनी १९५८ मध्ये कार्लोस पारेदेसलाही उचलून आत टाकले होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पारेदेस म्हणजे पोर्तुगीज गिटारचा राजा: बारा तारा सहा जोड्यांत, नासपतीच्या आकाराचे पोट, वर पंख्यासारख्या पसरलेल्या खुंट्या. आणि हा राजा लिस्बनच्या एका इस्पितळात एक्स-रेच्या फिल्मा सांभाळायची नोकरी करायचा. तो विजेसारखा वाजवतो. पण मी त्याच्या १९६७ च्या रेकॉर्डवर ऐकत बसतो ते फेर्नांदो आल्विमला. आल्विम त्याच्या मागे साधी गिटार वाजवतो, जिला फादोवाले व्हिओला म्हणतात. पारेदेस लय कधी ताणतो, कधी सोडतो, मध्येच एखादा सूर गिळून टाकतो. आल्विम त्याच्या खाली प्रत्येक वेळी पाय टाकायला जमीन तयार ठेवतो, आणि ती दिसूही देत नाही. वर्षानुवर्षे त्याने हेच केले. अलीकडे सोनिया शिरसाट यांच्यामुळे आपल्या लोकांनी फादो पुन्हा कान देऊन ऐकायला घेतला आहे. पणजीत कार्यक्रम असेल तर जा, आणि मधल्या झगमगाटाकडे न बघता कडेला बसलेल्या व्हिओलावाल्याच्या आंगठ्याकडे बघ.

आता सोलोवाले. त्यांच्यातला एकच हातात पुरता उतरला: वेस माँटगोमेरी. इंडियानापोलिसचा. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात वाजवणे. नोटेशन येत नव्हते. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन, जो १९४२ मध्ये क्षयाने अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला, त्याचे सोलो रेकॉर्डवरून पाठ करून शिकला. पिक वापरायचा नाही, नुसता आंगठा. घरच्यांची-शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून पिक सोडले असे सांगतात. त्याने गाजवले ते ऑक्टेव्ह: एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी. सहावी आणि चौथी किंवा पाचवी आणि तिसरी तार धरलीस तर वरचे बोट दोन फ्रेट पुढे. चौथी आणि दुसरी किंवा तिसरी आणि पहिली धरलीस तर तीन फ्रेट पुढे. मधली तार तर्जनीच्या आडव्या पोटाने मुकी करायची, म्हणजे आंगठा बेधडक तिन्ही तारांवरून जाऊ शकतो. लग्नाच्या हॉलमध्ये चांगला माइक नेहमी गायकाकडे जातो आणि गिटारच्या वाट्याला कुठलातरी खोकडा येतो. तिथे एकेरी सूर हरवतात, ऑक्टेव्ह मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. वेसने हे लग्नांसाठी शोधले नसेल, मी मात्र त्यासाठीच घेतले. त्याच्या सोलोची बांधणीही शिकण्यासारखी आहे. आधी एकेरी सूर, मग ऑक्टेव्ह, मग पूर्ण कॉर्ड. ख्यालाच्या बढतीवर वाढलेल्या कानाला ते लगेच पटते.

मींडेचे दोन धडे दोन टोकांच्या माणसांकडून आले. ब्लूजवाल्या बी. बी. किंगचा नातेवाईक बुका व्हाइट तारेवर स्लाइड (काचेची किंवा धातूची नळी) घासून वाजवायचा. किंगला ते जमेना, म्हणून तो आवाज नुसत्या बोटाने काढता येतो का ते बघत बघत त्याने हात हलवून सूर थरथरवायची आपली पद्धत काढली. गाताना तो गिटार वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे, त्यामुळे गिटारची ओळ गाण्याचीच पुढची ओळ वाटते. दुसरीकडे जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून स्लाइडनेच राग वाजवला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांची १९६७ ची रेकॉर्ड कुठल्याही संगीतप्रेमी मराठी घरात निघेल. मी स्लाइड धरत नाही. काब्रांकडून मी घेतली ती उतरती मींड. ब्लूजवाला बहुधा खालून वर ताणतो. आपल्याला वरून खाली यायचे असते. त्यासाठी तार न छेडता आधीच ताणून ठेवायची, मग छेडायची आणि सावकाश सोडायची. किती ताणायची याचा अंदाज यावा म्हणून जिथे पोचायचे तो स्वर पुढच्या फ्रेटवर आधी साधा वाजवून कानात भरून घे. आणि हे दुसऱ्या तारेवर कर. साध्या अकूस्टिकच्या सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली असते, तिच्याशी कुस्ती खेळून बोट दुखेल आणि सूर अर्ध्यावरच राहील.

‘द शॅडोज’ या इंग्लिश बँडचा हँक मार्विन आमच्या आधीच्या पिढीच्या बँडवाल्यांचा देव होता, माझ्यापर्यंत त्याचा प्रसादच आला. स्पेनच्या क्लासिकल गिटारवादक सेगोव्हियाचा मी आदर करतो, लांबून. जँगो रेनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत निकामी झाली आणि उरलेल्या दोन बोटांवर तो तसा वाजवायचा, हे सांगून मी कुरकुरणाऱ्या विद्यार्थ्यांना गप्प करतो, एवढाच त्याचा माझ्याशी संबंध.

एक नाव इथल्या फार कमी लोकांना ठाऊक आहे: अमान्सियो डिसिल्व्हा. गोंयकार घराणे, जन्म मुंबईचा, १९३६ चा. साठच्या दशकात इंग्लंडला गेला आणि १९६९ मध्ये तिथे त्याच्या दोन रेकॉर्ड आल्या, एक ‘इंटिग्रेशन’ आणि दुसरी सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरची ‘हम दोनों’. त्या काळात तिकडच्या कित्येकांना गिटारला सितारचा वेश चढवायची हौस होती. डिसिल्व्हा ते करत नाही. आपल्या वळणाची धून तो गिटारवर सरळ, ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या जोडीने वाजवतो आणि मग जॅझवाल्यासारखा तिच्यावर फिरतो. मराठी पदाच्या मध्ये चार आवर्तने गिटारला मिळाली की मी आता तेच करतो: मुखडा जसाच्या तसा, दागिने न घालता, आणि मगच जायचे तिकडे. श्रोते तेवढ्याने सैल होतात. १९९६ मध्ये तो लंडनमध्ये गेला. गोव्यात त्याचे नाव घेतले तर बहुतेकजण विचारतात, कोण?

तुझा दुसरा प्रश्न, सुरुवात कुणापासून. फ्रेडी ग्रीन म्हटले तर तू तिसऱ्या दिवशी कंटाळशील. जिल्बेर्तोची १९५९ ची एलपी घे. अख्खी ऐकायला अर्धा तासही लागत नाही. एकच गाणे निवड. आधी फक्त आंगठा ऐक आणि तोच मांडीवर ठोक. तो पक्का झाला की वरच्या बोटांचे फटके टाळीने दे. गळ्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष दे. गिटार यानंतर उचलायची. ते हातात आले की बेसीच्या ऑर्केस्ट्राची कुठलीही जुनी रेकॉर्ड लावून वर सांगितलेल्या तीन कॉर्डांच्या आकारांनी तिच्याबरोबर नुसते चार ठोके वाजवत राहा. गाण्याचे खरे कॉर्ड जुळले नाहीत तरी चालतील, डावा हात सैल सोडून मुके फटके दे.

आणि लवकरात लवकर एखाद्या गाणाऱ्या माणसाच्या शेजारी बस. तुझ्या वाड्यावर भजन असेलच. तिथे कुणी तुला कॉर्ड सांगणार नाही, पट्टी सांगतील, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुरावर षड्ज आहे ते. काळी एक म्हटले की पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सीचे आकार धर, किंवा चौथ्या फ्रेटवर लावून एचे. बायकांना बहुधा काळी चार किंवा पाच लागते. चारला पहिल्या फ्रेटवर कापो आणि जीचे आकार, पाचला तेच आकार तिसऱ्या फ्रेटवर. पहिल्या अभंगाला खर्जाखेरीज काही वाजवू नकोस. पखवाजवाला तुझ्याकडे बघून मान हलवेल तेव्हा वरच्या तारांवर ये.